हंगेरियन मुलींच्या क्वायरची गाणी बसवताय? या चुका टाळा

ग्योर शहरातल्या मुलींच्या क्वायरची, म्हणजे मिक्लोश साबो यांच्या ग्रुपची रेकॉर्डिंग्ज ऐकून ही गाणी करून बघायचा मोह होतोच. मलाही झाला, आणि आमच्या छोट्याशा ग्रुपमध्ये कितीतरी महिने आम्ही चुकीच्याच गोष्टीशी झटत बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'दो म्हणजे सा' हे डोळे मिटून धरणं (दो, रे, मी, फा, सो, ला, ती ही त्यांची सरगम). अर्धं बरोबर आहे ते, कारण त्यांच्याकडे दो आपल्या सा सारखाच सरकतो, कुठल्याही पट्टीत घ्या. पण हंगेरीची कितीतरी जुनी लोकगीतं 'ला'वर येऊन संपतात, तिथेच त्यांचं घर असतं. आम्ही तानपुरा दो वर लावून गात होतो आणि गाणं सतत अधांतरी वाटायचं, कुणाचा सूर नीट नाही म्हणून एकमेकींवर चिडायचो. शेवटचा स्वर कुठला ते आधी बघा, तानपुरा त्यावर लावा. मग ला, दो, रे, मी, सो हे तुमच्या कानाला सा, कोमल ग, म, प, कोमल नि असं ऐकू येईल, म्हणजे आपला धानी राग. याला मालकंस म्हणू नका, पाच स्वर दिसले की तेच नाव तोंडात येतं, पण मालकंसात पंचम नसतो आणि इथे तर पंचमावरच सगळं उभं आहे.

पंचमावरून आठवलं, पट्टी ठरवतानाची चूक. जुन्या गाण्यांत बरेचदा पहिल्या दोन ओळी वर असतात आणि तीच चाल पुढच्या दोन ओळींत पाच स्वर खाली येते. हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदायने 1939 मध्ये ज्यावर ऑर्केस्ट्रासाठी व्हेरिएशन्स लिहिली ते मोराचं गाणं असंच आहे. पहिली ओळ सोयीची वाटली म्हणून पट्टी धरलीत तर शेवटी खालच्या आवाजाच्या मुली तळाला जाऊन पुटपुटतात. त्यामुळे पट्टी नेहमी शेवटच्या ओळीवरून ठरवा.

लय पण तशीच. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकने लोकगीतांच्या लयीचे दोन प्रकार मांडले, पार्लांदो म्हणजे बोलल्यासारखं मोकळं आणि जुस्तो म्हणजे नाचाच्या ठेक्यातलं. पहिल्या प्रकारावर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र, लावला की गाणं मेलंच समजा. शब्द नीट म्हणा, लघुगुरू आपोआप जागेवर पडतात.

उच्चारांत आपण नडतो ते आघातावर. हंगेरियनमध्ये आघात कायम पहिल्या अक्षरावर, पुढे दीर्घ स्वर आला तरी हलत नाही. कोदाय या नावातच बघा, आघात 'को'वर आणि लांबी 'दा'ला. कोडाली म्हणणं तर सोडूनच द्या. रोमन लिपीत नुसता एस दिसला तर 'श', एसझेड जोडून असेल तर 'स', हे एकदा पक्कं केलं की निम्मे घोटाळे संपतात.

हार्मोनियमवर किंवा पियानोवर सूर पक्के करायची सवय मात्र मनापासून सोडा. पियानोच्या तडजोडीच्या सुरांवर कान घडवू नये हा कोदायचा आग्रह होता, म्हणून त्याने 1941 मध्ये दोन आवाजांचे स्वरसाधनेचे धडे लिहिले, एक आवाज स्वर धरून ठेवतो आणि दुसरा त्याच्या आधाराने आपली जागा शोधतो. तानपुऱ्यासोबत वाढलेल्या कानाला हे किती जवळचं आहे, तरी आपण पेटी काढतो! स्वर दाखवणाऱ्या हाताच्या खुणा वापरा, जरूर वापरा, फक्त त्या कोदायने शोधल्या असं मुलींना सांगू नका, त्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेनच्या पद्धतीतून आल्यात.

आणि चांगल्या आवाजाच्या सगळ्या मुली वरच्या ओळीत उभ्या करू नका. मुलींच्या क्वायरमध्ये खाली पुरुषांचे आवाज नसतात, सगळा भार आल्टोवर, म्हणजे मुलींमधल्या खालच्या आवाजांवर. आमच्याकडे आल्टो म्हणजे 'ज्यांना वर जमत नाही त्या' असं झालं होतं आणि बार्तोकच्या 1935 च्या दोन-तीन आवाजांच्या गाण्यांत प्रत्येक वेळी सूर उतरायचा. सगळ्यात पक्क्या कानाच्या दोघींना खाली आणलं, त्याच आठवड्यात फरक ऐकू आला.