जर्मनीत रश्श्यासाठी कोंबडी घ्यायची तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता शिकायला नाहीतर नोकरीला जर्मनीत जातात, जाताना आईने दिलेला काळा मसाला बॅगेत असतो, तरी रस्सा घरच्यासारखा होत नाही म्हणून फोन येतात. बहुतेक वेळा मसाला चांगलाच असतो, गडबड कोंबडीत असते.

आपल्याकडे चिकनवाला समोर कापतो, स्किन काढतो, सांगाल तसे पीस करून देतो. तिकडच्या सुपरमार्केटात सगळं ट्रेमध्ये पॅक, आणि सगळ्यात जास्त दिसतं ते ब्रुस्टफिले म्हणजे छातीचं बिनहाडाचं मांस, कापायला सोपं म्हणून नवीन माणूस तेच उचलतो. रश्श्याला ते घेऊ नका भाऊ, हाडच नाही तर उतरणार काय, आणि जरा जास्त शिजलं की कोरडं होतं. घाईच्या दिवशी शेंकल घ्या, मांडी-तंगडी हाडासकट मिळते आणि फिलेपेक्षा स्वस्त पडते. मॅरिनियर्ट लिहिलेलं असेल तर ठेवून द्या, त्याला आधीच त्यांचा मसाला लावलेला असतो.

पण खरा गावरानसारखा रस्सा पाहिजे तर झुप्पनहून मागा. ही अंडी देऊन झालेली मोठी कोंबडी, साधारण वर्षाच्या पुढची, बऱ्याच दुकानात फ्रीझरमध्ये अख्खी मिळते. ब्रॉयलर ५-६ आठवड्यांत कापतात म्हणून पटकन शिजतो, हिचं मांस घट्ट असतं, मंद आचेवर दीड-दोन तास लागतात, कुकरमध्ये कमी, पण हाडाचा अर्क आणि चरबी रश्श्यात उतरते ना तेव्हा तर्री अशी वर येते की बस. आदल्या दिवशीच भांड्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर बर्फ वितळवू नका. पोटात हात घालून बघा, कधी कलेजी-पोट्याची छोटी पिशवी आत असते, ती काढा. मग स्किन ओढून काढायची आणि किचनच्या जाड कातरीने सांध्यात कापायचं, एकदा सांधा सापडला की जोर लागत नाही.

नळाखाली मात्र धुऊ नका. आपल्याकडे धुतल्याशिवाय कोणी चिकन चढवत नाही मला माहितीय, पण कच्च्या चिकनवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जिवाणू असू शकतात, धुताना पाणी उडून ते सिंकभर, भांड्यांवर पसरतात. सरळ हळद-मीठ लावा, हात आणि पाट साबणाने धुवा. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा नीट शिजवून खा हे आपण खूप ऐकलं, तेच इथेही, आतपर्यंत ७० अंश तरी गेलं पाहिजे.

पॅकवर हाल्टुंग्सफॉर्म लिहून १ ते ५ आकडा असतो, कोंबडी कशी पाळली त्याचा, १ म्हणजे कमीत कमी जागा आणि ५ म्हणजे बिओ, म्हणजे सेंद्रिय पद्धतीने पाळलेली. परवडेल तेवढा वरचा आकडा घ्या, जिवाला बरं वाटतं. तारीख संपलेलं वास न येताही घेऊ नका, चिकनची तारीख गंभीरपणे घ्यायची असते.

हलाल पाहिजे किंवा कापून पाहिजे तर तुर्की दुकान शोधा, तिथे काउंटरवर बरेचदा पीस करून देतात, ‘ओने हाउट, बिट्टे’ म्हटलं की बिनस्किनचं. आणि हे सगळं शनिवारीच उरका, रविवारी तिकडे जवळपास सगळी दुकानं बंद असतात, आपल्यासारखं रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघालात तर रिकामेच परत याल.