पक्षी बघायला निघताय? आधी उजनीची टक्केवारी बघा

सोलापूरकराला उजनी धरणातल्या पाणीसाठ्याची टक्केवारी तोंडपाठ असते. नळाला पाणी किती दिवसांनी येणार, उसाला पाळी मिळणार का, सगळं त्या आकड्यावर. पक्षी बघायची सहलही त्याच आकड्यावर ठरवायची असते, हे मात्र मला एक फेरी फुकट गेल्यावर कळलं.

नोव्हेंबर होता, धरण शंभरीपार. मोठ्या हौसेने घरच्यांना घेऊन उजनीच्या फुगवट्यावर (बॅकवॉटरवर) गेलो. पाणी काठच्या बाभळींच्या कमरेपर्यंत चढलेलं आणि रोहित (फ्लेमिंगो) एकही नाही. बायको म्हणाली, "नुसतं पाणीच बघायचं होतं तर हिप्परग्याच्या तलावावर गेलो असतो की." खरं होतं. रोहित चोच उलटी धरून उथळ चिखलातून खाणं गाळून घेतो. त्याला पाय टेकायला जागा लागते. धरण काठोकाठ भरलं की ती जागाच बुडते. कालव्याला, नदीला पाणी सुटतं, काठ उघडे पडत जातात आणि मग तो उतरतो.

महिना ठरवताना

स्थलांतर एका दिवसात होत नाही. ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्या आणि चिखलातले छोटे तुतवार पाऊस सरता सरताच यायला लागतात. ऑक्टोबरात माळावर भोवत्या ससाणे दिसू लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकमंडळी थंडी पडू लागली की. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, डिसेंबर ते फेब्रुवारीत हमखास. मार्चमध्ये परतीची गडबड सुरू होते.

सगळ्यांची गाठ एकाच फेरीत घालायची तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धरा. तोवर पाणीही उतरायला लागलेलं असतं. पाऊसकाळ दांडगा झाला असेल तर आणखी दोन आठवडे थांबा, कमी झाला असेल तर आधीच निघा. जानेवारीच्या मध्यावर मात्र सोलापुरात मुक्काम ठरवू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, लॉजमध्ये खोली मिळायची नाही. गर्दीचाच शौक असेल तर गोष्ट वेगळी.

रस्ता आखताना

एका दिवसात सगळं उरकायचा मोह टाळा. माळरान आणि पाणथळ, दोन्हींची वेळ पहाटेची. दुपारी बारा वाजता फुगवट्यावर पोहोचलात तर उन्हाच्या झळांत रोहितांची रांग नुसती थरथरणारी पांढरी रेघ दिसते. म्हणून दोन पहाटा हव्यातच.

पहिल्या दिवशी दुपारनंतर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. इंग्रजांच्या काळातला हा एकरुख तलाव शहराच्या इतका जवळ आहे की कसलीच तयारी लागत नाही. इथे दुर्बीण हाताला बसवून घ्या. शेकाट्या, बगळे, बदकं ओळखण्यात संध्याकाळ जाते.

दुसऱ्या दिवशी अंधारातच नान्नजचं माळरानाचं अभयारण्य गाठा. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो, त्याआधी अर्धा तास तिथे असा. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की माळ सामसूम होतो. मग परत सोलापुरात यायचं कारण नाही. वैराग, बार्शी, कुर्डुवाडी करत टेंभुर्णीला पुणे हमरस्त्याला लागा. इंदापुरात कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक करकोच्यांची घरटी असतात, तिथे मान वर करून थोडा वेळ काढा आणि मुक्कामाला उजनीच्या फुगवट्याकाठच्या भिगवण-कुंभारगावकडे. तिसरी पहाट पाण्यावर.

एक सूचना अगदी मनापासून: अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. गाळपाचा हंगाम असतो, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अवकाळी पाऊस झाला असेल तर काळ्या रानातल्या कच्च्या वाटेलाही शिरू नका. चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधण्यात पहाट जाते.

माळावर

नान्नजला 'माळढोक दाखवा' म्हणून जाऊ नका. माळावरच्या या मोठ्या पक्ष्यासाठीच 1979 साली हे अभयारण्य झालं, पण आता देशभरातल्या रानांत मिळून तो जेमतेम दीडशेच्या आसपास उरला आहे. समोरच्या विजेच्या तारा त्याला नीट दिसत नाहीत, उडताना त्यांवर आदळून मरतो, हे त्यामागचं एक कारण. तो दिसला नाही म्हणून फेरी वाया गेली असं समजणारे लोक काळविटांचा कळप, दगडासारखी दिसणारी धाविक पक्ष्यांची जोडी आणि उडत उडत गाणारा चंडोल सोडून येतात. मला त्यांची दया येते.

वनखात्याकडे आधी चौकशी करा, परवानगी आणि वाटाड्या घ्या. वाटेवरून चाला, गवतात शिरू नका. बरेच पक्षी इथे जमिनीवरच झोपतात आणि अंडीही जमिनीवरच घालतात. भोवत्यांचं रात्रीचं बस्तानही गवतातच. संध्याकाळी ते उतरताना दिसले तर लांबूनच बघा. एकदा उठवले की अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

लोकरी मोजे आणि सुती पायजमा घालून गेलात तर घरी येऊन तासभर कुसळं काढत बसाल. गुळगुळीत कापडाची मळकट रंगाची पँट घाला. गाडीतून उतरल्यावर पाखरू उडत असेल तर उतरूच नका. काच खाली करून बसलात तर कित्येक पक्षी गाडीला जुमानत नाहीत.

पाण्यावर

कुंभारगावला मासेमारी करणारेच नावा चालवतात आणि पक्ष्यांची जागा त्यांना रोजची ठाऊक असते. आदल्या रात्रीच बोलून ठेवा: उजाडताच निघायचं, रोहितांपासून दूर इंजिन बंद करायचं, थवा उडवून दाखवायचा नाही. हे शेवटचं स्पष्ट सांगावं लागतं, कारण उडत्या थव्याचा फोटो मागणारे पर्यटकच जास्त. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचे नावाडीमामा हसले आणि म्हणाले, "तुमचं बरंय, डिझेल वाचलं." सूर्य पाठीशी राहील अशी नाव लावायला सांगा, तरच पंखांतला गुलाबी रंग दिसतो. काठावरचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण त्यावर पाय ठेवू नका. आत गुडघाभर जातो.

आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, वही-पेन्सिल ठेवा, आणि डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी. दोन दिवस काही बिघडत नाही. ढाबे आहेत, पण पहाटे पाचला कोणी चूल पेटवत नाही.

नाव काठाला लागली की तिथेच बसून यादी लिहून काढा. भिगवणहून सोलापूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, दहाला निघालात तर जेवायला घरी.