खारीतले भात आणि मातीतला पारा: मृगापूर्वी उघाडी दुरुस्त करावी

खार म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची भातजमीन, आणि उघाडी म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवणारे व आतले पाणी ओहोटीला सोडणारे त्या बांधातले फळीचे दार. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्याआधीच्या उधाणापर्यंत उघाडीची फळी कुजकीच राहिली, तर खारीतले भात पेरण्यापूर्वीच गेले असे समजावे. मी अनेक हंगाम हेच पाहत आलो आहे: बियाणे, खत, मजूर सगळ्यांची तयारी चोख असते, पण फळीखाली बोटभर फट आणि बाहेरकाठ्यात, म्हणजे समुद्राकडच्या बांधात, खेकड्यांची बिळे तशीच असतात.

फटीतून शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचे नुकसान केवळ मिठाने होत नाही. हवेतला पारा झाडांच्या पानांत शोषला जातो आणि पालापाचोळ्यातून मातीत उतरतो, म्हणून रानाखालच्या मातीत तो सहसा शेतापेक्षा अधिक साठतो. उतारावरचे रान तोडून भाजले की त्यातला काही पारा पुन्हा हवेत जातो आणि उरलेला उघड्या मातीबरोबर वाहत खालच्या खाचरांत व खारीत येऊन बसतो. तेथे समुद्राच्या पाण्यातले सल्फेट, कुजणारा पेंढा आणि दिवसेंदिवस तुंबलेले पाणी एकत्र आले, की सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा अधिक घातक मिथिल पारा बनवतात, आणि भात तो दाण्यात साठवते. उघाडी नादुरुस्त असली की खारे पाणी आत येते आणि साचलेले बाहेर जात नाही. चिखल आतून काळा निघाला व कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर हे जिवाणू तेथे जोरात आहेत असे मी धरतो. हा प्रयोगशाळेचा निष्कर्ष नाही, माझा शेतावरचा अंदाज आहे.

मृगापूर्वीची इतर कामे:
- पनवेल-१, २ किंवा ३ यांपैकी खारीला चालणारे बियाणे आणावे.
- १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तरंगणारे बी काढून टाकावे, उरलेले धुऊन सुकवावे.
- किलोभर बियाण्याला २.५ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळावे.
- उतारावर गवताचे पट्टे राखावेत.

माळ्यावर पाऱ्याचे जुने बीजप्रक्रियेचे औषध असल्यास ते वापरू नये. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये मिथिल पारा लावलेले गव्हाचे बियाणे दळून खाल्ल्याने शेकडो माणसे दगावली.

दुकानदार खारीसाठी जिप्समची पोती गळ्यात मारतात. माती परीक्षणात जमीन चोपण (सोडियमने घट्ट झालेली) निघाल्याशिवाय ती घेऊ नयेत. खारवट जमिनीतले मीठ पावसाचे पाणी धुऊन नेते, त्याला वाट मात्र हवी, आणि जिप्सम म्हणजे आणखी सल्फेटच. फुटवे येऊन गेल्यावर जोराच्या पावसात, ओहोटीच्या वेळी एकदा पाणी उतरवावे, पण जमिनीला भेगा पडू देऊ नयेत, नाहीतर मीठ वर येते. फुलोऱ्यात पाणी तोडू नये.

फळी ओहोटीला बदलावी, भरतीपूर्वी कडांना चिकणमाती ठासावी, आणि अमावास्येच्या उधाणात रात्री उघाडीवर जाऊन आतल्या बाजूला पाणी झिरपते का, ते बॅटरीच्या उजेडात पाहावे.