लॉगिनचा फॉर्म मोबाइलवर अडतो, तेव्हा काय दुरुस्त करायचं

अमळनेरच्या एका कापसाच्या जिनिंगसाठी मी छोटी वेबसाइट केली होती. शेतकऱ्याने मोबाइल नंबर आणि पासवर्ड टाकला की काट्याची पावती दिसायची. पहिल्याच हंगामात एका आप्पांचा फोन आला, "मना पासवर्ड बरोबर शे, तुनी साइट चुकस." मी गेलो. ट्रॅक्टरला टेकून त्यांनी एका अंगठ्याने नंबर टाकला. दहाच्या दहा आकडे बरोबर, पण कीबोर्ड मराठीवर. स्क्रीनवर देवनागरी आकडे, माझ्या डेटाबेसात इंग्रजी. आप्पांचं खरं होतं, साइटच चुकत होती.

तर पहिलं काम म्हणजे योग्य कीबोर्ड उघडणं. नंबरच्या रकान्याचा टाइप 'टेल' ठेवा, म्हणजे आकड्यांचाच कीपॅड येतो. ईमेलसाठी 'ईमेल'. युजरनेमच्या रकान्यात ऑटोकॅपिटलाइज, ऑटोकरेक्ट आणि स्पेलचेक बंद करा. अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट टेकताच पान फुगतं.

तरी चुकीचं काही येणारच, म्हणून सर्व्हरवर चाळणी लावा. नंबरमधल्या मोकळ्या जागा, डॅश आणि अधिकचं चिन्ह काढा. देवनागरी शून्य ते नऊ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ओळीने बसवलेले आहेत, त्यामुळे ते इंग्रजीत बदलायला साधी वजाबाकी पुरते. मग उरलेले आकडे मोजा. बारा असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तर ते दोन काढा. अकरा असतील आणि पुढे शून्य असेल तर ते काढा. न मोजता ९१ छाटू नका, कारण दहा आकडी नंबरही ९१ ने सुरू होऊ शकतो. (मी छाटले होते. दोन दिवस फोन घेत बसलो.)

ईमेलच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा आणि सगळं स्मॉल करा. सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड शेवटी गुपचूप स्पेस टाकतो, ती डोळ्याला दिसत नाही. 'जीमेल डॉट कॉन' आलं तर परस्पर बदलू नका, विचारा.

पासवर्डचं मात्र जपून. आधी डोळ्याचं बटण द्या, म्हणजे टाइप केलेलं बघता येतं. पेस्ट बंद करू नका. ते बंद करून सुरक्षा वाढते हा आपल्याकडचा हट्टी गैरसमज आहे. मग तपासणी. आलेला पासवर्ड आधी जसाच्या तसा हॅश करून (म्हणजे उलट न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात बदलून) जुळवा. नाही जुळला तर पहिल्या अक्षराचं कॅपिटल-स्मॉल उलटं करून, मग शेवटची स्पेस काढून पुन्हा जुळवा. यापलीकडे जाऊ नका. कॉर्नेल टेक, एमआयटी आणि ड्रॉपबॉक्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पाहिलं की लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नांपैकी जवळपास १० टक्के अशा मोजक्या, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकांनी फसतात.

चुकलेल्या प्रयत्नांवर मर्यादा हवीच, आणि ती सैल करू नका. चार आकडी पिनला ही दुरुस्तीची सवलत देऊ नका. आणि चुकलेला पासवर्ड लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, कधीही लिहू नका! तो अनेकदा खऱ्या पासवर्डपासून एकाच अक्षराने दूर असतो.

लॉगिन फसलं तर नंबर पुसून टाकू नका, तसाच दिसू द्या. 'नंबर किंवा पासवर्ड जुळला नाही' एवढं पुरे. ओटीपी असेल तर त्या रकान्याच्या ऑटोकंप्लीटला 'वन-टाइम-कोड' द्या, म्हणजे बऱ्याच फोनवर मेसेजमधला आकडा टाइप न करता भरता येतो.

हे सगळं झालं की ऑफिसातल्या लॅपटॉपवर तपासत बसू नका. कीबोर्ड मराठीवर ठेवा, दुपारी उन्हात काट्यापाशी उभे राहा आणि एका अंगठ्याने लॉगिन करा. आप्पांचा कीबोर्ड अजून मराठीवरच आहे. आता पावती उघडते, आणि ते फोन करतात तो कापसाच्या भावाबद्दल कुरकुर करायला.