जपानी भयपटांवर प्रकल्प करायचाय? 'क्युअर'पासून सुरू करा

या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेकांनी 'रिंगू' (1998) पाहिलेला असतो आणि केस तोंडावर आलेली ती भुताची मुलगी, सादाको, डोक्यातून जात नाही. माझा सल्ला, तिला थोडे दिवस बाजूला ठेवा आणि कियोशी कुरोसावाचा 'क्युअर' (1997) लावा. (अकिरा कुरोसावांशी त्याचं काही नातं नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

यात भूत नाही. स्मृती हरवलेला मामिया भेटेल त्याला विचारत सुटतो, "तुम्ही कोण?" एक बडा पोलीस अधिकारी नाव आणि हुद्दा सांगतो. मामिया पुन्हा तेच विचारतो. हुद्द्यापलीकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही, आणि साहेब चिडतात. खुनांचा तपास करणारा पोलीस ताकाबे घरी येतो तर बायकोने कपड्यांचं मशीन रिकामंच फिरत ठेवलेलं असतं. तो मुकाट्याने बंद करतो. असा प्रसंग मी एकदा आवाज बंद करून पाहतो, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकतो. यंत्रांची घरघर तेव्हा कुठे जाणवते.

संदर्भ वाचायचेच आहेत: नव्वदीच्या सुरुवातीला जपानमध्ये फुटलेला जमीन-शेअरच्या भावांचा फुगा, डळमळलेली जन्मभराची नोकरी, 1995 मधला कोबेचा भूकंप आणि दोनच महिन्यांनी टोकियो मेट्रोतला सरीन या विषारी वायूचा हल्ला. पण पहिल्याच पानावर हे ओतू नका. 'हिकिकोमोरी' (जगापासून तुटून घरात कोंडून घेणारी माणसं) हा शब्द तर हल्ली जिथे तिथे पेरलेला दिसतो, कंटाळा येतो. आधी पडद्यावर काय दिसतं ते लिहा.

मग 'काइरो' (2001) बघा. त्यात विद्यापीठातल्या संगणकावर ठिपके फिरत असतात. दोन ठिपके फार जवळ आले की मरतात, फार लांब गेले की पुन्हा ओढले जातात. एकटेपणावरचं अख्खं प्रकरण या एका प्रसंगावर उभं राहू शकतं. 'डार्क वॉटर' (2002) मध्ये मुलीच्या ताब्यासाठी झगडणारी घटस्फोटित आई आणि गळकं छत आहे, तेही जोडीला घ्या.

शेवटी याच कुरोसावाचा 'टोकियो सोनाटा' (2008). नोकरी गेलेला बाप घरी काही न सांगता रोज सूट घालून बाहेर पडतो. भयपटांच्या यादीत तुम्हाला हा सापडणार नाही, पण प्रकल्पात घ्याच. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर 'क्युअर'मधलं ताकाबेचं घर दाखवा.