बंद पडलेला थिंकपॅड टी६०: आधी अडॅप्टर तपासा

परभणीत माझ्याकडे येणारे जुने लॅपटॉप बहुतेक वेळा ‘मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय’ असा शिक्का बसूनच येतात. लगेच विश्वास ठेवू नका. आपल्याकडे लाईट जा-ये करते, व्होल्टेज वरखाली होतं; पहिला मार अडॅप्टर खातो.

म्हणून आधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, घ्या, डीसी व्होल्टवर लावा. थिंकपॅड टी६० या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात, त्याआधीच्या टी४२ ला १६. अडॅप्टरची अदलाबदल करू नका. टी६० च्या अडॅप्टरची पिन नळीसारखी असते; तिच्यातली मधली बारीक सुई फक्त अडॅप्टरची ओळख पटवायला असते. मीटरचा लाल प्रोब (वायरीचं टोक) नळीच्या आतल्या भिंतीला, काळा बाहेरून. प्रोब सुई आणि भिंत दोन्हींना एकदम टेकू देऊ नका. वायर हलवली की आकडा नाचतो? मग ती आतून तुटलीय.

आकडा बरोबर असेल, तर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. नंतर बॅटरी न लावता नुसत्या अडॅप्टरवर चालू करा. कितीतरी मशीन इथंच जागी होतात.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर पुन्हा वीज काढून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बाहेर घ्या. उन्हाळ्यातली बारीक धूळ स्लॉटमध्ये बसते. रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या पुसा, कण ब्रशनं झाडा, एकेक रॅम आलटून पालटून लावा. तरीही काही दिसलं नाही तर बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर चित्र आलं तर बोर्ड बहुधा शाबूत आहे, दोष पडद्याकडचा.