रिमोट कंपोनंट पानात आणायचा, तर आधी करार आणि मग इम्पोर्ट

मी होस्ट ॲप सांभाळते. पानाचा सांगाडा, मेनू आणि लॉगिन माझ्याकडे आहेत. त्या पानात दिसणारे आलेख, फिल्टर, नोटिफिकेशनची पट्टी हे सगळं, म्हणजे रिमोट कंपोनंट, इतर टीम लिहितात, आपापल्या सर्व्हरवर ठेवतात आणि त्यांना हवं तेव्हा नवी आवृत्ती टाकतात. ते तसंच असायला हवं. त्यांच्या प्रत्येक बदलासाठी मला माझं ॲप पुन्हा बिल्ड करावं लागणार असेल, तर कंपोनंट रिमोट ठेवून काय मिळवलं? पण या सोयीमुळे माझ्या पानात नेमका कोणता कोड चालणार आहे, हे मला बिल्डच्या वेळी कळत नाही. म्हणून लोड कसं करायचं हा प्रश्न मी दुसरा मानते. पहिला प्रश्न असतो, रिमोट फाइलने मला काय द्यायचं.

माझा करार छोटा आहे. रिमोट फाइलने माउंट नावाचं एकच फंक्शन एक्स्पोर्ट करायचं. मी त्याला एक रिकामा डिव (पानातली मोकळी जागा) आणि लागणारा डेटा देते. ते त्या डिवमध्ये हवं ते रेंडर करतं आणि मला एक ऑब्जेक्ट परत देतं, ज्यात अपडेट आणि अनमाउंट ही दोन फंक्शन्स असतात. आत रिॲक्ट किंवा व्ह्यू ही लायब्ररी आहे की साधं डॉम (पानाच्या घटकांची रचना), याच्याशी मला देणंघेणं नाही. विंडोवरचे ग्लोबल (सगळ्या पानाला सामायिक व्हेरिएबल) वाचायचे नाहीत, जे लागेल ते माझ्याकडून मागून घ्यायचं. अनमाउंट नसलेला रिमोट मी स्वीकारतच नाही. एकदा चालवलेलं मॉड्यूल ब्राउझरमधून परत काढता येत नाही, त्यामुळे टायमर आणि इव्हेंट लिसनर आवरण्याची तीच एक जागा उरते.

लोड करायला डायनॅमिक इम्पोर्ट, म्हणजे पान चालू असतानाच फाइल मागवायची जावास्क्रिप्टची सोय, पुरतो. तो २०२० पासून भाषेच्या अधिकृत मानकात आहे, पूर्ण यूआरएल घेतो आणि प्रॉमिस (उत्तर नंतर मिळेल असं ऑब्जेक्ट) देतो. वेबपॅक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर इम्पोर्टच्या कंसात वेबपॅकइग्नोरची टिप्पणी घाला, नाहीतर तो यूआरएल बिल्डच्या वेळीच सोडवायला बघतो.

यूआरएल कोडमध्ये लिहू नका. मी एक छोटी जेसन फाइल ठेवते, त्यात कंपोनंटचं नाव आणि त्याच्या सध्याच्या फाइलचा पत्ता असतो. या जेसनला नो-कॅश हेडर द्यायचा, म्हणजे ब्राउझर ती दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरेल. खऱ्या फाइलच्या नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारी खूण) असतो, म्हणून तिला मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, आणि इम्म्युटेबल, म्हणजे न बदलणारी, असा हेडर. नवी आवृत्ती बिघडली तर जेसनमधली एक ओळ मागे घेतली की झालं.

आता सर्व्हरकडे वळू. मॉड्यूल दुसऱ्या ओरिजिनवरून (वेगळ्या प्रोटोकॉल, डोमेन किंवा पोर्टवरून) येत असेल तर कॉर्सचा, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनला परवानगी देणारा, हेडर लागतोच. तुमच्या पानाच्या सीएसपीमध्ये (पानात काय लोड होऊ द्यायचं याच्या नियमांत) स्क्रिप्ट-एसआरसीखाली तो ओरिजिन हवा. आणि माइम टाइप, म्हणजे सर्व्हर सांगतो तो फाइलचा प्रकार, जावास्क्रिप्टचाच हवा. ही तिसरी अट चुकली तर फार वेळ जातो. फाइल सापडली नाही की बरेच सर्व्हर ४०४ न देता २०० कोडसह इंडेक्स एचटीएमएल पाठवतात. नेटवर्क टॅबमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि कन्सोल मात्र माइम टाइपबद्दल तक्रार करत राहतो. अशा वेळी स्टेटस बघत बसू नका, रिस्पॉन्स उघडून वाचा.

सुरक्षेबाबत मी अजिबात सैल राहत नाही. इम्पोर्ट केलेला कोड तुमच्या पानाच्या पूर्ण अधिकाराने चालतो. लोकल स्टोरेज, डॉम, वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर, सगळं त्याच्या हाताला लागतं. म्हणून रिमोट फाइलचा पत्ता क्वेरी पॅरामीटरमधून (यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातून) कधीही घेऊ नका, ठरलेल्या ओरिजिनच्या यादीशी तो ताडून बघा. लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास नसेल तर इम्पोर्ट नकोच. सँडबॉक्स लावलेला आयफ्रेम, म्हणजे अधिकार कमी केलेलं पानातलं वेगळं पान, घ्या आणि पोस्टमेसेजने निरोप पाठवून त्याच्याशी बोला.

रेंडर करताना तीन गोष्टी आधी लिहा. पहिली, डिवला किमान उंची द्या, म्हणजे कंपोनंट उशिरा आला तरी खालचा मजकूर ढकलला जाणार नाही. दुसरी, वेळेची मर्यादा. डायनॅमिक इम्पोर्ट रद्द करता येत नाही, म्हणून प्रॉमिस डॉट रेसने टायमरशी शर्यत लावायची आणि टायमर जिंकला तर पर्यायी मजकूर दाखवायचा. तिसरी सगळ्यात जास्त विसरली जाते. फाइल येईपर्यंत वापरकर्ता दुसऱ्या पानावर गेलेला असू शकतो. होस्ट रिॲक्टमध्ये असेल तर यूजइफेक्टमध्ये (रेंडरनंतर चालणाऱ्या कोडमध्ये) रद्द नावाचा फ्लॅग ठेवा, क्लीनअपमध्ये, म्हणजे कंपोनंट जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तो ट्रू करा, आणि माउंट करण्याआधी तपासा. माउंट आधीच झालेलं असेल तर त्याच क्लीनअपमध्ये अनमाउंट बोलवा. डेव्हलपमेंटमध्ये रिॲक्टचा स्ट्रिक्ट मोड (चुका पकडणारा मोड) इफेक्ट दोनदा चालवतो, त्यात कंपोनंट दोनदा दिसला तर क्लीनअप अपुरा आहे. त्या डिवमध्ये रिॲक्टचं स्वतःचं काहीही ठेवू नका.

पुन्हा प्रयत्न करण्याचं बटण देताना एक लक्षात ठेवा. काही ब्राउझर फसलेला इम्पोर्टही लक्षात ठेवतात आणि त्याच यूआरएलला पुन्हा तीच एरर देतात. यूआरएलच्या शेवटी एखादा क्वेरी पॅरामीटर जोडला की फाइल नव्याने मागवली जाते.

रिॲक्टचाच कंपोनंट थेट घ्यायचा मोह होईल. रिॲक्ट डॉट लेझीने (कंपोनंट गरजेच्या वेळी लोड करणाऱ्या फंक्शनने) ते जमतं, पण लेझीची हाक कंपोनंटच्या बाहेर हवी आणि रिमोटने डिफॉल्ट एक्स्पोर्ट द्यायला हवा. खरी अडचण पुढे येते. रिमोटने स्वतःचं रिॲक्ट सोबत आणलं तर पानात दोन रिॲक्ट होतात आणि इनव्हॅलिड हुक कॉल ही एरर येते. वेबपॅक ५ च्या मॉड्यूल फेडरेशनमध्ये (वेगळ्या बिल्डमध्ये कोड वाटून घेण्याच्या सोयीत) शेअर्डखाली सिंगलटन, म्हणजे एकच प्रत, लावून किंवा इम्पोर्ट मॅपने (मॉड्यूलचं नाव कोणत्या यूआरएलला जातं याच्या यादीने) हे सुटतं. तरीही मग सगळ्या टीमना रिॲक्टची आवृत्ती एकत्रच बदलावी लागते. मला ते बंधन नको असतं, म्हणून थोडे जास्त किलोबाइट गेले तरी मी माउंटचा करारच घेते.

स्टाइलसाठी शॅडो रूट, म्हणजे पानाच्या स्टाइलपासून वेगळा ठेवलेला डॉमचा भाग, वापरा. बाहेरचे क्लास आत पोचत नाहीत, पण सीएसएस व्हेरिएबल पोचतात, त्यामुळे रंग आणि फॉन्ट तेवढ्यावर देता येतात. रिमोटचा मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) बॉडीला जोडला जात असेल तर तो शॅडोच्या बाहेर पडतो आणि स्टाइलविना दिसतो. मोडल शॅडोच्या आतच जोडा, असं त्या टीमला करारातच लिहून द्या. रिमोट कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग) नोंदवत असेल तर नाव आधी नोंदलेलं आहे का ते बघायला सांगा, एकच नाव दुसऱ्यांदा नोंदवलं की एरर येते.

स्वीकारण्याआधी मी प्रत्येक रिमोट डेव्हटूल्समध्ये छळून बघते. त्याची यूआरएल ब्लॉक करते, नेटवर्क मंद करते, फाइलच्या जागी एचटीएमएल परत देते, आणि लोड होता होता पान बदलते. चारही वेळा बाकीचं पान वापरता आलं, तरच त्याचं नाव जेसनमध्ये जातं.